बंदूक घरात येण्याआधी

30 नोव्हेंबर 2021 रोजी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, ऑक्सफर्ड गावच्या शाळेत, पंधरा वर्षांच्या एका मुलानं चार विद्यार्थ्यांना गोळ्या घालून ठार केलं. ते पिस्तूल त्याच्या वडिलांनी चारच दिवस आधी दुकानातून रीतसर विकत घेतलं होतं. 2024 साली जेम्स आणि जेनिफर क्रंबली या आई-वडिलांवर वेगवेगळे खटले चालले आणि दोघांनाही 10 ते 15 वर्षांची शिक्षा झाली. साक्षींमध्ये दोन बारीक गोष्टी पुढे आल्या. पिस्तुलाला घालायचं तारेचं कुलूप प्लॅस्टिकच्या पाकिटातून कुणी बाहेरच काढलेलं नव्हतं. आणि घरातली बाकीची दोन शस्त्रं ज्या छोट्या तिजोरीत होती, तिचा कोड 0-0-0 होता. कारखान्यातून आला तसाच.

म्हणजे त्या घरात कुलूप होतं, तिजोरीही होती. तिजोरी निवडण्याबद्दल लिहायला घेतलं की मला आधी हे पाकीट आठवतं. पहिल्यांदा बंदूक घेणारा माणूस दुकानात जाऊन विचारतो, पत्रा किती जाड आहे, आगीत किती वेळ टिकेल, आत किती बंदुका मावतील. प्रश्न चुकीचे नाहीत, पण त्यांच्या आधीचा एक प्रश्न राहून जातो: ही बंदूक नेमकी कुणाच्या हाती पडू द्यायची नाही? चोराच्या, की शेजारून खेळायला आलेल्या सहा वर्षांच्या मुलाच्या, की स्वतःच्या सोळा वर्षांच्या लेकाच्या? या तिघांसाठी तिजोऱ्या वेगळ्या लागतात.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांतही हा प्रश्न आता येतो. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना तिथल्या केंद्रीय कायद्यानुसार एरवी बंदूक बाळगता येत नाही. शिकारीचा परवाना असणं हा त्यातला मुख्य अपवाद. ग्रीन कार्ड झालं की मात्र मार्ग मोकळा होतो. बहुतेकदा तोवर स्वतःचं घर झालेलं असतं आणि मुलं शाळेत जायला लागलेली असतात. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या माहेरी-सासरी कुणाकडे बंदूक नव्हती, त्यामुळे घरात शस्त्र सांभाळण्याची रीत पाहून शिकायची सोय नाही. दुकानदार सांगेल तेवढंच कानावर पडतं.

तर घरातल्या माणसांपासून सुरुवात करू, कारण धोका तिथे जास्त आहे. अमेरिकेत बंदुकीनं होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. 2020 पासून तिथल्या 1 ते 17 वयाच्या मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बंदूक हेच आहे. घरफोडी करणारा चोर एखाद्या घरात आयुष्यात एकदा येईल किंवा कधीच येणार नाही. मूल रोज घरात असतं.

डेव्हिड ग्रॉसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत सगळ्यांत उपयोगी वाटतो. वॉशिंग्टन, ओरेगन आणि मिसुरीसारख्या भागांत मुलांनी स्वतःवर किंवा चुकून झाडलेल्या गोळ्यांची प्रकरणं त्यांनी घेतली आणि ज्या घरांत बंदूक असूनही असं काही घडलं नाही, त्या घरांशी ताडून पाहिली. चार सवयींबरोबर धोका कमी असल्याचं दिसलं: बंदूक कुलपात ठेवणं, ती रिकामी ठेवणं, काडतुसं वेगळी ठेवणं आणि काडतुसांनाही कुलूप लावणं. चारही सवयींचा आपापला वाटा होता. तिजोरीची जाडी या यादीत कुठेही नाही. दोनशे डॉलरच्या पत्र्याच्या कपाटात कुलूपबंद असलेली रिकामी रायफल आणि दुसऱ्या खोलीत वेगळ्या कुलपात काडतुसं, एवढ्यानं मुलांच्या बाबतीतलं बरंचसं काम होतं.

आता आई-वडील म्हणतात, आमच्या मुलांना बंदूक कुठे आहे ते ठाऊकच नाही. अलाबामाच्या ग्रामीण भागात बॅक्सले आणि मिलर यांनी आई-वडिलांना आणि मुलांना वेगवेगळं बसवून हेच विचारलं. 2006 साली त्यांचे निष्कर्ष छापून आले. मुलांना जागा माहीत नाही असं छातीठोक सांगणाऱ्या पालकांपैकी 39 टक्क्यांची मुलं म्हणाली, आम्हाला माहीत आहे. मुलानं बंदुकीला कधी हात लावलेला नाही असं सांगणाऱ्या पालकांपैकी 22 टक्क्यांची मुलं म्हणाली, लावला आहे. कपाटाच्या वरच्या खणात, साड्यांच्या घडीखाली, गादीखाली लपवणं म्हणजे मुलांना सापडायला थोडा उशीर करणं, इतकंच. दिवाळीत फराळाचा डबा कुठे लपवलाय हे ज्या घरात दुसऱ्या दिवशी पोरांना कळतं, त्या घराला हे वेगळं सांगायला नको.

मराठी घरातली एक गोष्ट इथे लक्षात घ्यायला हवी. गणपतीला किंवा वाढदिवसाला वीस-पंचवीस माणसं जमतात, पाहुण्यांचे कोट आणि पर्स मास्टर बेडरूममधल्या पलंगावर पडतात, मोठी माणसं खाली गप्पा मारत बसतात आणि मुलं वरच्या मजल्यावर लपाछपी खेळतात. पलंगाशेजारचा खण, वॉक-इन क्लोझेट, पलंगाखालची जागा, ही सगळी लपायची ठिकाणं. त्या दिवशी घरात अशी मुलं असतात ज्यांना तुम्ही कधी काही समजावलेलं नाही. कुलूप त्यांच्यासाठीही आहे.

पिस्तूल स्वसंरक्षणासाठी घेतलेलं असेल तर मालकाला ते रात्री चटकन हाती यायला हवं असतं. म्हणून पलंगाजवळ ठेवायच्या छोट्या पेट्या निघाल्या. जाडजूड पुस्तकाएवढी पोलादी पेटी, वर चार-पाच बटणं किंवा बोटाच्या ठशाची काच. किंमत साधारण तीस डॉलरपासून तीनशेपर्यंत. नवे मालक सगळ्यांत आधी हीच घेतात आणि फसगतही इथेच सर्वांत जास्त होते.

स्वस्त पेटीच्या आत काय असतं ते पाहा. दार एका आडव्या खिट्टीनं अडवलेलं असतं. खिट्टी सरकू नये म्हणून एक छोटी दांडी तिच्या आड येते. ही दांडी स्प्रिंगनं ढकललेली असते आणि तिच्याभोवती तारेचं वेटोळं असतं. बरोबर कोड दाबला की वेटोळ्यातून वीज जाते, त्याचं चुंबक होतं, दांडी मागे ओढली जाते आणि खिट्टी मोकळी होते. वीज वाचावी म्हणून स्प्रिंग मुद्दाम नाजूक ठेवतात. मग पेटी दोन-तीन इंच उचलून टेबलावर आपटली तर दांडी धक्क्यानंच क्षणभर मागे उडते. त्याच क्षणी मूठ फिरवली की दार उघडतं. कोडची गरजच पडत नाही. कुलपांचे तज्ज्ञ मार्क वेबर टोबायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 साली बाजारातल्या अनेक छोट्या पेट्या अशाच, आणि काही तर शीतपेयाच्या स्ट्रॉनं किंवा वाकवलेल्या तारेनं, उघडून दाखवल्या. काही चित्रफितींत पेटी उघडणारं मूल तीन वर्षांचं होतं. म्हणून पेटी विकत घेतल्यावर ती रिकामीच असताना घट्ट बंद करावी, उचलून सगळ्या बाजूंनी आपटावी, उलटी करून हलवावी. उघडली तर त्याच दिवशी परत करावी. हे करायला लाज वाटण्याचं काही कारण नाही.

बोटाच्या ठशावर उघडणाऱ्या पेट्यांची गोष्ट याहून गंभीर आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगानं फोर्ट्रेस सेफ कंपनीच्या सुमारे 61,000 पेट्या परत बोलावल्याचं जाहीर केलं. मालक आपला ठसा नोंदवून निश्चिंत होत होता आणि पेटी प्रत्यक्षात कुणाच्याही बोटानं उघडत होती. या प्रकरणात बारा वर्षांच्या एका मुलाचा मृत्यू झाल्याचा उल्लेख आयोगाच्या सूचनेत आहे. पुढच्या वर्षी दुसऱ्या काही कंपन्यांच्या पेट्याही अशाच कारणानं परत घ्याव्या लागल्या. ठसा नोंदवल्यावर आपण स्वतःचंच बोट लावून पाहतो, दार उघडतं आणि समाधान होतं. खरी परीक्षा दुसऱ्याच्या बोटाची आहे: बायकोचं, मुलाचं, शेजाऱ्याचं बोट लावून पेटी बंदच राहते ना, हे पाहायला हवं. बॅटरी बदलल्यावर पुन्हा पाहावं. माझं मत विचाराल तर छोट्या पेटीसाठी यांत्रिक बटणांचं कुलूप सर्वांत भरवशाचं. त्यात वीज नाही, बॅटरी नाही, काच नाही. बटणं ठरलेल्या क्रमानं दाबायची आणि मूठ फिरवायची. पैसे थोडे जास्त पडतात.

आणि आणीबाणीची किल्ली. जवळजवळ प्रत्येक पेटीबरोबर ती येते आणि जवळजवळ प्रत्येक घरात ती त्याच खोलीतल्या खणात पडते. ती ऑफिसात ठेवा, बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा, पण पेटीच्या आसपास नको.

मोठी उभी तिजोरी लागते ती रायफली-शॉटगनसाठी आणि चोरासाठी. इथे जाहिरातींत आकड्यांचा सुकाळ असतो, म्हणून दोन-तीन आकडे नीट समजून घेतलेले बरे. पोलादाची जाडी गेजमध्ये सांगतात आणि गेज उलटा चालतो: आकडा लहान तितका पत्रा जाड. 14 गेज म्हणजे सुमारे 1.9 मिलिमीटर, 12 गेज म्हणजे 2.7 च्या आसपास, 10 गेज म्हणजे 3.4. स्वस्त कपाटांचा पत्रा याहून पातळ असतो. आपल्याकडच्या स्टीलच्या कपाटापेक्षा तो फार वेगळा नाही. दाराला किती बोल्ट आहेत हे विक्रेता कौतुकानं मोजून दाखवतो. पातळ पत्र्याच्या चौकटीत वीस बोल्ट असले तरी पहारीनं चौकटच वाकते. दाराचा आणि चौकटीचा पत्रा किती जाड आहे आणि दोघांतली फट किती अरुंद आहे हे पाहावं, बोल्ट नंतर.

अमेरिकेतल्या यूएल या चाचणी संस्थेचा आरएससी हा शिक्का घरगुती तिजोऱ्यांवर दिसतो. त्याच्या पहिल्या पातळीचा अर्थ असा: एक माणूस, हातोडी, पेचकस, छोटी पहार अशी साधी हत्यारं आणि पाच मिनिटं. हत्यार प्रत्यक्ष तिजोरीला लागलेलं असेल तेवढाच वेळ मोजतात. दुसऱ्या पातळीला दोन माणसं, जास्त ताकदीची हत्यारं आणि दहा मिनिटं. त्याच्या वर टीएल-15 आणि टीएल-30 हे शिक्के; तिथे विजेवर चालणाऱ्या हत्यारांसमोर 15 किंवा 30 मिनिटं टिकावं लागतं. त्या तिजोऱ्या सराफांच्या आणि वजनदार, किंमत काही हजार डॉलर. पहिली बंदूक घेणाऱ्याला त्यांची गरज क्वचितच असते. आरएससीचा शिक्का, घरात धोक्याची घंटा आणि जमिनीला जखडलेली तिजोरी, हे एकत्र पुरेसं होतं, कारण घरफोड्याला घाई असते. यात हलगर्जी झाली तर परिणाम गावभर जातो. 2017 ते 2021 या पाच वर्षांत अमेरिकेत खासगी मालकांकडून दहा लाखांहून अधिक बंदुका चोरीला गेल्याच्या नोंदी आहेत. गाडीत ठेवलेलं पिस्तूल हा त्यातला मोठा स्रोत. गाडी म्हणजे तिजोरी नव्हे, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाकावं.

आग सोसण्याच्या दाव्यांकडे जरा संशयानं पाहा. घरगुती गन सेफच्या भिंतींत बहुतेकदा जिप्समचे तक्ते असतात, घरांच्या भिंतींना वापरतात तेच. जिप्समच्या वजनात सुमारे 21 टक्के पाणी रासायनिक रूपात अडकलेलं असतं. ताप लागला की ते वाफ होऊन सुटतं, आणि सगळं सुटेपर्यंत आतलं तापमान आटोक्यात राहतं. दाराच्या कडेची पट्टी तापल्यावर फुगते आणि फट बुजवते. तत्त्व उत्तम आहे. अडचण अशी की '60 मिनिटं' हा दावा बऱ्याचदा कंपनीनं स्वतःच्या पद्धतीनं ठरवलेला असतो. एकीनं भट्टी 650 अंश सेल्सिअसला नेली, दुसरीनं त्याहून कमी ठेवली, आकडा मात्र तोच छापला. यूएलच्या 72 क्रमांकाच्या मानकात एका तासात भट्टी 927 अंशांपर्यंत जाते आणि आतलं तापमान 177 च्या वर चढता कामा नये, कारण त्यानंतर कागद करपू लागतो. तो शिक्का गन सेफवर फारसा दिसत नाही. पासपोर्ट आणि घराची कागदपत्रं ठेवायची असतील तर वेगळी छोटी अग्निरोधक पेटी घेऊन ती तिजोरीत ठेवणं शहाणपणाचं. आगीत चेंबरमध्ये गोळी असलेली बंदूक तापून आपोआप सुटू शकते आणि तेव्हा ती गोळी झाडलेल्या गोळीसारखीच जाते, हेही अग्निशमन दलाच्या माणसांसाठी ध्यानात ठेवावं.

त्याच जिप्सममुळे आणि बंद हवेमुळे आत दमट होतं. ह्यूस्टनमध्ये किंवा फ्लोरिडात दोन महिन्यांत नळीवर गंजाचे ठिपके दिसू लागतात. तळाशी मंद तापणारी विजेची कांडी किंवा सिलिका जेलचे डबे, आणि एक स्वस्त आर्द्रतामापक, एवढं लागतं. काटा पन्नासच्या आसपास राहिला की ठीक. कांडीची वायर बाहेर काढायला मागे भोक आहे का, ते घेतानाच बघा.

'24 बंदुकांची तिजोरी' असं लिहिलं असेल तर दुर्बीण लावलेल्या रायफली तिच्यात निम्म्या-शिम्म्या मावतात. लागते त्याहून एक आकार मोठी घ्या, पुढे जाऊ.

जखडण्याबद्दल मात्र थांबायला हवं, कारण इथे टेक्सासमधल्या घरांची एक खास अडचण आहे. शंभर-दीडशे किलोची तिजोरी दोन माणसं आडवी पाडून ढकलगाडीवर घालतात आणि घेऊन जातात. पाडल्यावर पहारीला जोरही चांगला लागतो. म्हणून तळातल्या भोकांतून काँक्रीटमध्ये बोल्ट मारायचे आणि तिजोरी कोपऱ्यात, दार उघडतं ती बाजू भिंतीला अगदी लागून ठेवायची, म्हणजे पहार घालायला जागा राहत नाही. पण डॅलस किंवा ह्यूस्टनच्या उपनगरांतल्या अनेक नव्या घरांचा पाया पोस्ट-टेन्शन प्रकारचा असतो. काँक्रीटच्या आत पोलादी दोर प्रचंड ताणून बसवलेले असतात. ड्रिल अशा दोराला लागलं तर तो जोरात सुटून माणसाला गंभीर इजा होऊ शकते आणि पायाही बिघडतो. अशा घरांत गॅरेजच्या जमिनीवर बहुधा तसा ठसा उमटवलेला असतो: कापू नका, भोक पाडू नका. तो दिसला तर स्वतः ड्रिल हातात घेऊ नका. दोर कुठून जातात ते यंत्रानं तपासून देणाऱ्याला बोलवा.

वरच्या मजल्यावर ठेवायची असेल तर वजनाचा विचार. अमेरिकेतल्या घरांचे लाकडी मजले साधारण चौरस मीटरला 195 किलो पसरलेला भार धरून बांधतात. तीनशे किलोची तिजोरी अर्ध्या चौरस मीटरवर उभी राहते. भार वाहणाऱ्या भिंतीच्या कडेला ती चालू शकते, खोलीच्या मधोमध नको; शंका असेल तर खाली.

भारतात हे चित्र अगदी निराळं आहे. परवाना मिळणंच अवघड, 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन बंदुका, आणि 2016 च्या शस्त्र नियमांनुसार शस्त्र सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी परवानाधारकावर. कोकणात माकडं आणि रानडुकरांपासून बाग वाचवण्यासाठी शेतीसंरक्षणाचे परवाने आहेत. तिथे बारा बोअरची किंवा ठासणीची बंदूक माजघरात खुंटीला किंवा कपाटामागे उभी असायची आणि निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा व्हायची. त्या घरांनाही उंच, अरुंद, भिंतीला जखडलेलं पोलादी कपाट हवं. फक्त जांभ्याचा दगड मऊ असतो; बोल्ट जांभ्यात न मारता खालच्या किंवा खांबाच्या काँक्रीटमध्ये मारावेत.

राहिला तो सगळ्यांत अवघड भाग, कोड कुणाला सांगायचा. जन्मतारीख, लग्नाची तारीख, घर क्रमांक नको. घरातली मुलं तेच आधी दाबून पाहतात. कीपॅडवरच्या ठराविक चार बटणांचे आकडे पुसट होऊ लागले तर कोड बदलायची वेळ झाली. आणि घरात कुणी, मुलगा असो की नवरा-बायकोपैकी एक, मनानं खचलेलं असेल तर फक्त कोड बदलून थांबू नये. 1990 च्या दशकात ह्यूस्टनमध्ये, आत्महत्येच्या प्रयत्नातून मरता मरता वाचलेल्या 13 ते 34 वयाच्या 153 जणांशी संशोधक बोलले. त्यांतले 24 टक्के म्हणाले की ठरवणं आणि करणं यांत पाच मिनिटांहून कमी वेळ गेला. तो वेळ टळला तर माणूस वाचू शकतो. बंदूक हाताशी असेल तर वाचण्याची शक्यता फार कमी. अशा दिवसांत बंदूक घराबाहेर असावी. अमेरिकेत काही दुकानं, नेमबाजीची केंद्रं आणि पोलीस ठाणी ती तात्पुरती सांभाळतात. कोलोरॅडोत अशा ठिकाणांचा नकाशाच तयार केलेला आहे. दुसऱ्याकडे देण्याचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत, म्हणून आधी फोन करून विचारावं. आपल्या घरांत अशा गोष्टी बोलायच्या नाहीत अशी रीत आहे आणि ती मोडायलाच हवी. कोड माहीत असलेल्या दुसऱ्या माणसाला 'मला काही झालं तर तू बंदूक बाहेर ने' हे बरं असतानाच सांगून ठेवता येतं.

कायदाही पाहून ठेवा. मॅसॅच्युसेट्समध्ये स्वतःच्या ताब्यात नसलेली बंदूक कायम कुलपात हवी. मिशिगनमध्ये 13 फेब्रुवारी 2024 पासून, घरात अल्पवयीन मूल येण्याची शक्यता असेल तर ती कुलपात असणं सक्तीचं आहे. टेक्सासमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक निष्काळजीपणानं लागली तर गुन्हा होतो.

मोठी तिजोरी मागवल्यावर घरी यायला कधीकधी काही आठवडे लागतात. ती येऊन, जखडून, रिकामी असताना पंधरा-वीस वेळा उघडून-बंद करून, कारखान्याचा कोड बदलून झाल्यावर मग बंदुकीचे पैसे भरावेत. आधीच भरले असतील तर दुकानदाराला तोवर बंदूक ठेवून घ्यायला सांगावं; बरेच जण ठेवतात. तेही जमत नसेल तर पाकिटातलं तारेचं कुलूप दुकानातच बाहेर काढून, पिस्तुलात दुकानदाराकडूनच ओवून घ्यावं आणि मग घरी यावं.